हाकोदातेचं श्रीफळ

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, जेव्हा त्याला परक्या भूमीवर आपल्या संस्कृतीच्या बाजूने एकट्याने उभं राहावं लागतं. माझ्या आयुष्यात तो जपानमधल्या हाकोदाते बंदरावर आला, आणि तो आणणारा एक कुत्रा होता.

बीगल जातीचा, अंगात जाकीट, लांब कान. जहाजातून उतरलेल्या प्रवाशांच्या रांगेतून तो एकेका पिशवीला नाक लावत आला, माझ्या सॅकपाशी थांबला आणि खाली बसला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. नुसता बसला आणि उत्तर येत असलेल्या मुलासारखा आपल्या बाईंकडे पाहू लागला.

"हेमंतराव, तुमची ओळख दिसते," माझे सासरे मागून म्हणाले.

बाई गणवेशातल्या होत्या, हातात पांढरे मोजे. त्यांनी आधी मला वाकून नमस्कार केला. इतक्या अदबीने मला आजवर कोणी पकडलेलं नाही.

"सर, फ्रूट?"

"नो फ्रूट," मी म्हणालो. "कोकोनट."

"कोकोनट, फ्रूट," बाई खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणाल्या.

सॅक उघडली. रेनकोट, त्याखाली टॉवेल, टॉवेलात नारळ. बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला, पारदर्शक पिशवीत ठेवला, पुन्हा वाकल्या. फलटणच्या बाजारातून निघालेला, दोन विमानतळ पार केलेला तो नारळ माझ्या डोळ्यांदेखत जपान सरकारजमा झाला. कुत्र्याला खाऊ मिळाला.

आता हा नारळ सॅकेत का होता, तर तो बापूंपासून लपवायचा होता. बापू म्हणजे सासरे, रघुनाथ शाळिग्राम, टपाल खात्यातून निवृत्त. जहाजावर आमची तिघांची एकच केबिन होती आणि बापूंना दुसऱ्यांच्या बॅगा नीट लावून देण्याची सवय होती. म्हणून वृंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, ठरवलं की नारळ माझ्या पाठीवर सगळ्यात सुरक्षित राहील. तिथे बापूंचा हात पोचणार नव्हता. कुत्र्याचा विचार आम्ही केला नव्हता.

संध्याकाळी जहाजावर बापूंचा सत्कार करायचा होता. त्यांना न सांगता.

त्यामागे एक वर्षाची गोष्ट होती. फलटणला आमच्या सासुरवाडीच्या पेठेत एक व्याख्यानमाला चालते. बापू तिचे कार्यवाह. कार्यवाह म्हणजे जो वक्त्याला स्टँडवर घ्यायला जातो, सतरंजी झटकतो, माईकवाल्याला उठवतो आणि सत्काराच्या वेळी तबक धरून अध्यक्षांच्या शेजारी उभा राहतो. बापूंनी सगळी उमेद तबक धरण्यात घालवली. आदल्या वर्षी मालेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा सगळ्यांचे सत्कार झाले. माईकवाल्याचा झाला, खुर्च्या भाड्याने देणाऱ्याचा झाला, वक्त्यांना ज्यांच्या घरी उतरवत त्या काकूंचा झाला. कुणाकुणाचा करायचा हे बापूंनीच सुचवलं होतं. स्वतःचं नाव स्वतः सुचवायचं नसतं, ते दुसऱ्या कोणीतरी सुचवायचं असतं, आणि तो दुसरा कोणी निघाला नाही. बापू घरी आले, "कार्यक्रम वेळेत संपला" म्हणाले, आणि तेव्हापासून गुडघे दुखतात असं सांगून एकाही बैठकीला गेले नाहीत. वर्षभर घरात बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालत होते. वृंदाने हे सगळं फोनवरून ऐकलं आणि क्रूझची तीन तिकिटं काढली. गुडघे दुखणारा माणूस हाकोदातेच्या चढावर माझ्या पुढे चालत होता, हे जाता जाता सांगतो.

तर नारळ गेला. बापू त्या पारदर्शक पिशवीकडे बघत उभे राहिले.

"शेंडी ठेवलेला होता," ते म्हणाले.

"हो का?"

"स्वयंपाकाचा नारळ शेंडी ठेवून सोलत नाहीत, हेमंतराव. हा सत्काराचा होता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुत्र्याकडे पाहिलं. "आणि काल वृंदाच्या बॅगेत शाल बघितली मी. नवी. पिनांसकट."

आता संपलं, असं मला वाटलं.

"रिसबुडांचा करताय ना?" बापू हळूच म्हणाले.

डॉ. रिसबूड जहाजावरच्या आमच्याच मराठी ग्रुपमध्ये होते. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, मराठ्यांच्या आरमारावर मोठा अधिकार असलेले. आरमाराच्या अभ्यासकाला क्रूझवर उलट्या होतात हे मला तिथेच कळलं. सत्कार त्यांच्या हस्ते करायचा असं वृंदाच्या मनात होतं, आणि त्यांना विचारायला ती सकाळीच ग्रुपबरोबर बसने इथला किल्ला बघायला गेली होती.

मी सॅकची चेन लावू लागलो. बापूंनी त्याचा अर्थ लावला.

"अगदी योग्य आहे. माणूस मोठा आहे. आपल्याकडे आले होते ते, बोलायला उभे राहिले की तासाच्या आत बसत नाहीत. प्यायला कोमट पाणी लागतं, त्यात लिंबू. मला ओळखलं नाही त्यांनी. चार दिवस एका टेबलावर जेवतोय, रोज विचारतात, तुम्ही कोणत्या बँकेत होतात म्हणून. चालायचंच. तबकाकडे कोण बघतं?"

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं.

मी बाजूला जाऊन वृंदाला फोन लावला.

"नारळ गेला," मी म्हणालो.

"गेला म्हणजे?"

"कुत्र्याने पकडला. आणि बापूंना सत्काराचं कळलंय. पण त्यांना वाटतंय रिसबुडांचा आहे."

"छान झालं," वृंदा म्हणाली. "तसंच वाटू दे. मी नाव जाहीर करीन ना, तेव्हा त्यांचा चेहरा बघ तू. रिसबूड हो म्हणालेत. आणि हेमंत, नारळ आण."

"जपानमध्ये?"

"बंदर आहे ना? बंदरावर नारळ नसतो का कुठे?"

रत्नागिरीला असतो. हाकोदातेला मे महिन्याच्या शेवटी स्वेटर घालावा लागतो.

पण बापूंच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. वर्षभर घड्या घालणारा माणूस ट्रामच्या रुळांपलीकडे बोट दाखवून म्हणाला, "बाजार तिकडे असणार. वास येतोय."

बाजार तिकडेच होता. खेकडे हात-हात लांबीचे, काचेच्या टाकीत पोहणारी माकुळं, आणि प्रत्येक दुकानदार आपण दत्तक येणार असल्यासारखं हसून बोलावणारा. बापू शाकाहारी. ते सगळ्या खेकड्यांना हात जोडत पुढे गेले. मी फोनवर नारळाचं चित्र काढून दाखवत होतो. लोक चित्र बघायचे, आपसांत चर्चा करायचे, आणि फार वाईट वाटल्यासारखी मान हलवायचे. एका भांड्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंना मात्र चित्र बघताच आनंद झाला. त्या आत गेल्या आणि तपकिरी, गोलसर, केसाळ अशी एक वस्तू घेऊन आल्या.

बापूंनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. भांडी घासायची काथ्याची घासणी होती.

"शेंडी आहे," बापू म्हणाले. "नारळ नाही."

"घ्यायची?"

"हेमंतराव, डॉक्टरांच्या हातात घासणी द्यायची?"

आम्ही बाहेर पडलो. वर डोंगराकडे जाणारा रस्ता सरळ चढत होता आणि वळून पाहिलं की त्याच्या खालच्या टोकाला आमचं जहाज रस्ता अडवून उभं असल्यासारखं दिसत होतं. बापू चालता चालता मला शिकवत होते. शालीची घडी अशी घालायची की एका झटक्यात उघडली पाहिजे. दोन झटके लागले की सभागृह हसतं. किमतीची चिठ्ठी आधी काढायची. पिना काढून आपल्या खिशात ठेवायच्या, तबकात नाही, कारण एकदा एका कवींना टोचली होती आणि त्यांनी त्यावर कविता केली. हार शालीच्या आधी घातला तर शाल सरकते. तबक धरणाऱ्याने सत्कारमूर्तीच्या चेहऱ्याकडे बघायचं, अध्यक्षांच्या नाही.

"ते का?"

"अध्यक्षांना काय करायचंय ते माहीत असतं. सत्कारमूर्ती अवघडलेला असतो. त्याला हात कुठे ठेवावेत कळत नाही. कधी वाकावं कळत नाही. तो अवघडला की आपण पुढे व्हायचं. त्याची फजिती व्हायला नको, एवढंच आपलं काम."

मी कॉमर्स कॉलेजात शिकवतो. व्यवस्थापनावर मी स्वतः इतकं सलग कधी बोललेलो नाही.

ट्रामच्या थांब्याजवळ एक फळांचं दुकान होतं. आत दवाखान्यासारखी शांतता. फळं पेट्यांमध्ये एकेकटी ठेवलेली. बापू एका पेटीसमोर थांबले. आत खरबूज होतं, पण आपल्याकडे ढिगात मिळतं तसं नव्हे; पूर्ण गोल, अंगभर बारीक जाळी, आणि डोक्यावर वेलीचा तुकडा मुद्दाम राखलेला.

"शेंडी ठेवलीय," बापू म्हणाले. त्यांचा आवाज जरा बदलला होता. "म्हणजे यांच्याकडेही हे मानाचं फळ असणार. उगाच कोण शेंडी ठेवतं?"

दुकानातल्या बाई माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, ॲप्रन लावलेल्या. मी खरबुजाकडे बोट दाखवल्यावर त्यांनी काहीतरी विचारलं. मी फोन पुढे केला. फोनमधला आवाज गंभीरपणे म्हणाला, "हे आनंदासाठी आहे की मृत्यूसाठी?"

मी दचकलो. बापू नाही.

"बघा," ते म्हणाले, "विचारून घेतात. म्हणजे गुंडाळायचा कागद वेगळा असणार. आपल्याकडे एका शोकसभेत अध्यक्षांना शाल-श्रीफळ दिलं होतं. तबक मीच धरलं होतं. सांगा त्यांना, आनंदासाठी."

बाईंनी खरबूज पेटीत निजवलं, कागद लावला, कोपरे नखाने दाबले. हे सगळं एवढ्या सावकाश की मला जहाज सुटेल अशी भीती वाटू लागली. बापू टाचा उंचावून बघत होते. मग बाईंनी वर एक लांब पांढरा कागद ठेवला, त्यावर लाल-पांढऱ्या दोऱ्याची गाठ छापलेली, आणि ब्रशचं पेन हातात घेऊन पुन्हा काही विचारलं.

"देणाऱ्याचं नाव काय लिहू?" फोन म्हणाला.

"घेणाऱ्याचं म्हणत असतील," बापू म्हणाले. "पुन्हा विचारा."

मी पुन्हा विचारलं. देणाऱ्याचंच. इथे देणाऱ्याचं नाव लिहितात.

बापू त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. "देणाऱ्याचं," ते एकदा नुसतंच म्हणाले.

"तुमचंच लिहू या, बापू," मी म्हणालो. "तुम्हीच शोधलंत."

"छे, छे. भलतंच." ते एकदम भानावर आले. "लिहा... समस्त सहप्रवासी."

फोनने त्याचं जपानीत काय केलं देव जाणे. बाईंनी क्षणभर विचार केला आणि मन लावून तीन-चार अक्षरं काढली. आम्ही निघालो तेव्हा त्या दाराबाहेर येऊन वाकल्या. बापूंनीही पेटी माझ्या हातात देऊन पूर्ण वाकून नमस्कार केला. बराच वेळ दोघेही आधी कोण उठतंय याची वाट बघत होते.

बंदरावर पुन्हा तोच कुत्रा होता. जपानमधून बाहेर जाणाऱ्या फळात त्याला रस नव्हता.

वृंदाने पेटी उघडून पाहिली. "हे काय?"

"श्रीफळ," मी म्हणालो. "इथलं."

"शाल आणि खरबूज?"

"शेंडी बघ."

तिने शेंडी बघितली आणि पेटी बंद केली. बाप-लेकीत काही गोष्टी आपोआप पटतात.

सहप्रवाशांना चहाच्या वेळी वरच्या मजल्यावरच्या लाउंजमध्ये बोलावलं होतं. जहाज सुटायला थोडा अवकाश होता, खिडक्यांतून बंदर आणि मागचा डोंगर दिसत होता. बापूंनी तोवर सगळं ताब्यात घेतलं होतं. बुफेवरून एक स्टीलचा ट्रे आणून त्यावर नॅपकिन अंथरला होता. शालीच्या पिना त्यांच्या खिशात होत्या. डॉ. रिसबुडांसाठी मधली खुर्ची, हाताशी ग्लास, ग्लासात कोमट पाणी. लिंबू कुठून मिळवलं होतं कोण जाणे. डॉक्टर स्थानापन्न झाले, पाणी प्यायले आणि बापूंना म्हणाले, "वा! नेमकं हेच लागतं मला. तुम्ही कोणत्या बँकेत होतात म्हणालात?"

"टपाल खातं," बापू म्हणाले, आणि ट्रे घेऊन आपल्या जागी, बाजूला उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर. खूश होते. मी त्यांना वर्षभरात असं पाहिलं नव्हतं.

वृंदा माईकपाशी गेली. ती छान बोलते. तिने आधी कोणाचंच नाव घेतलं नाही. एक माणूस, म्हणाली, ज्याने गावात उत्तमोत्तम वक्ते आणले आणि स्वतः कधी एक वाक्य माईकवर बोलला नाही. ज्याच्या सतरंजीवर बसून आम्ही मुलं मोठी झालो. ज्याच्या हातून शेकडो शाली गेल्या. मी ठरल्याप्रमाणे बापूंचा चेहरा बघत होतो. ते शालीची किनार सारखी करत होते. 'सतरंजी'ला त्यांची बोटं थांबली. 'शाली'ला त्यांनी मान वर केली. समजायला जितका वेळ लागतो तितका लागला, मग त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला, आणि त्यांनी मान खाली घातली.

"ते आमचे बापू आहेत," वृंदा म्हणाली. "श्री. रघुनाथ शाळिग्राम. मी डॉ. रिसबुडांना विनंती करते, की त्यांनी बापूंचा सत्कार करावा."

टाळ्या झाल्या. आणि मधल्या खुर्चीत डॉ. रिसबुडांनी मान पुढे वाकवली.

चांगली खाली वाकवली. आयुष्यभर शाली घेतलेल्या माणसाची मान होती ती. टाळ्या झाल्या की आपोआप पुढे येत असावी. लोकांच्या टाळ्या जरा डगमगल्या. कोणीतरी मागे खुदकन हसलं. वृंदा माईक हातात धरून तशीच उभी.

बापूंनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग हातातल्या शालीकडे. मग एक पाऊल पुढे झाले, ट्रे माझ्या हातात दिला, एका झटक्यात शाल उघडली आणि डॉक्टरांच्या खांद्यांवर घातली. डॉक्टर दचकून ताठ झाले, क्षणभर गोंधळले, मग सरावाने त्यांचे हात जोडले गेले. बापूंनी खरबुजाची पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली, नमस्कार केला आणि स्वतः टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. डॉक्टर उठले आणि मराठ्यांच्या आरमारावर बोलू लागले. जहाज सुटलं, धक्का मागे गेला, तरी ते बोलत होते.

आम्ही तिघं डेकवर आलो. धक्क्यावर हाकोदातेची माणसं रांगेत उभी राहून हात हलवत होती. त्यांतल्या एकाही माणसाचा आमच्याशी काही संबंध नव्हता, तरी हलवत होती.

"बापू, सत्कार तुमचा होता," वृंदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती.

"ऐकलं की मी. चांगलं बोललीस. सतरंजीचं छान होतं."

"मग? तुम्हाला कळलं होतं तर मग त्यांना का घातलीत?"

"त्यांनी मान पुढे केली होती, बाळा."

"म्हणून काय झालं!"

"चारचौघांत एवढ्या मोठ्या माणसाने मान वाकवली. शाल माझ्याच हातात होती. ती तशीच धरून उभा राहिलो असतो, तर त्यांना मान तशीच वर घ्यावी लागली असती." बापू धक्क्यावरच्या माणसांना हात करत होते. "हसायला लागले होते लोक. तू ऐकलं नाहीस."

"आणि तुमचं काय?"

"माझं नाव तू माईकवरून घेतलंस ना? सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. पुरे की."

वृंदाने त्यांच्या दंडात हात घातला. पाणी शांत होतं. बापूंनी खिशातून पिना काढल्या, मोजल्यासारखं केलं आणि परत ठेवल्या.

परत आल्यावर बापू पुढच्याच बैठकीला गेले. गुडघ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढची बरीच वर्षं, अगदी शेवटच्या हिवाळ्यापर्यंत, ते तबक धरून उभे राहिले. वृंदा हा प्रसंग सांगते तेव्हा अजूनही तिचा आवाज वाकवलेल्या मानेपाशी येऊन बसतो, आणि ऐकणारे गप्प होतात. मीही गप्प होतो. माझं कारण वेगळं आहे.

हाकोदाते सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी एकटाच लवकर गेलो होतो. डॉ. रिसबूड समोर येऊन बसले. एसी थंड होता म्हणून त्यांनी शाल पांघरली होती.

"काल जरा गोंधळच झाला हो," ते म्हणाले. "मिसेस तुमच्या म्हणाल्या होत्या, कोणाचा तरी सत्कार माझ्या हस्ते करायचाय. मग माझाच केलात. ऐनवेळी बदललं वाटतं?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"मला ऐकूच येत नव्हतं ना. कानातल्या मशीनची बॅटरी संपली. बदलायला गेलो तर नवी हातातून निसटली. एवढीशी असते ती. बुटाजवळ पडली असावी म्हणून वाकून बघत होतो, तर तुमच्या त्या बँकेतल्या गृहस्थांनी वरून शाल घातली."

"बॅटरी सापडली का?" मी विचारलं.

"अं?" डॉक्टर म्हणाले.

सापडली नव्हती.